घरातील खाडी

स्वयंपाकघरात मीठ तोलून घालणारी गृहिणी आम्ही अद्याप पाहिली नाही. आमच्या मातोश्रींचे वय आज ब्याऐंशी आहे. त्यांच्या हातची आमटी साठ वर्षांत कधी अळणी झाली नाही की खारट झाली नाही. आणि तराजू तर त्यांनी वाण्याच्या दुकानाबाहेर क्वचितच पाहिला असेल. अंदाज ही आपल्या घरांतील एक विद्याच आहे, व ती अनुभवाने येते. तथापि या विद्येस एक मोठा आधार असतो, तो सहसा आपल्या ध्यानात येत नाही. मीठ चुकले तर जेवणारा बोलतो. 'आज मीठ अंमळ पुढे गेले का?' एवढ्या एका प्रश्नाने उद्याची आमटी सुधारते. परंतु जेथे समोरच्या जिवाला बोलता येत नाही, तेथे अंदाजाची काय गत होते, हे आम्हांस गेल्या उन्हाळ्यात कळून आले. ती हकीकत थोडी लाजिरवाणी आहे. पण वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

महाळुंगे पडवळ हे आमचे मूळ गाव. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, मंचरपासून ते जवळच आहे. हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव म्हणून पुष्कळांनी त्याचे नाव ऐकले असेल. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीसमोर उभे राहून त्यांनी प्राण दिला. तालुक्यातील डिंभे धरणाच्या जलाशयास त्यांचेच नाव दिलेले आहे. आमचा मुलूख सह्याद्रीच्या पूर्व अंगास. येथे पडलेला पाऊस घोड नदीतून भीमेस, भीमेतून कृष्णेस आणि शेवटी बंगालच्या उपसागरास मिळतो. डोंगरापलीकडे कोकणचा समुद्र असूनही आमच्या पाण्याची व त्याची कधी गाठ पडत नाही. अशा गावी, आमच्या वाड्याच्या ओसरीवर, गेल्या दिवाळीपासून चाळीस लिटरांची एक खाडी नांदते आहे.

ही खाडी म्हणजे एक काचेची टाकी. आमची पुतणी पुण्यास विज्ञानशाखेत शिकते. दिवाळीच्या सुटीत ती अलिबागकडे आपल्या मामांकडे गेली असता तेथील खाडीतून बोटाच्या पेराएवढ्या, काचेसारख्या पारदर्शक अशा वीस कोळंब्या घेऊन आली. घरात प्रथम थोडी कुजबुज झाली. शाकाहारी घर, आणि ओसरीवर कोळंबी! परंतु मातोश्रींनी निवाडा दिला, "त्या काही ताटात वाढायच्या नाहीत. घरी आलेला जीव आहे. आणला आहे तर नीट सांभाळा म्हणजे झाले." हे शेवटचे वाक्य पुतणीने मनावर घेतले; आम्ही मात्र ते केवळ ऐकले.

खाडीचे पाणी म्हणजे अर्धे नदीचे, अर्धे समुद्राचे. समुद्राच्या एक हजार ग्रॅम पाण्यात साधारणपणे पस्तीस ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. याला दर हजारी पस्तीस म्हणतात. विहिरीच्या गोड्या पाण्यात ते एक ग्रॅमही नसतात. खाडी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते, आणि तेही स्थिर नसते. वैशाखात खाडीचे तोंड समुद्राइतकेच खारे असते, तर श्रावणात तेच पाणी जवळजवळ गोडे होते. कोकणातील शेतकरी बांध घालून आणि उघाड्या बसवून या खाऱ्या पाण्याशी पिढ्यान् पिढ्या व्यवहार करीत आला आहे. गोव्यात त्याच कामासाठी खाजणांच्या बांधांना मानशी असतात. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून त्यांची दारे उघडतात व मिटतात, आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर निघालेली कोळंबी जाळ्यात धरतात. म्हणजे खारेपणा किती आणि केव्हा, हा प्रश्न आमच्या पुतणीने नव्याने काढलेला नव्हे. किनाऱ्यावरच्या लोकांचे भात आणि मासळी दोन्ही त्यावर अवलंबून आहेत.

या प्रश्नाने एकदा मोठ्या शास्त्रज्ञासही चकविले होते. गोड्या पाण्यातील मोठी कोळंबी, जिला बाजारात झिंगा म्हणतात, ती नद्यांत व तळ्यांत वाढते. साहजिकच तिची पिले गोड्या पाण्यात जगतील, असे कोणासही वाटेल. परंतु अंड्यातून निघालेली पिले काही दिवसांत मरून जात. जागतिक अन्न व शेती संघटनेचे शाओ-वेन लिंग हे १९६० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत मलायातील पेनांग येथे याच कोड्याशी झगडत होते. असे सांगतात की, सर्व उपाय थकल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातील एकेक पदार्थ थेंबथेंब घालून पाहिला, आणि सोयाच्या खारट रसाने पिलांना हुशारी आली. रसातील गुण सोयाचा नव्हता, मिठाचा होता. या जातीची मादी अंडी घेऊन नदीच्या मुखाकडे जाते, ती उगीच नव्हे. आज या कोळंबीच्या बीजकेंद्रांत पिलांसाठी दर हजारी बाराच्या आसपास खारेपणा ठेवतात आणि पिले मोठी झाली म्हणजे त्यांना हळूहळू गोड्या पाण्यावर आणतात.

आमच्या पुतणीने कोळंब्यांबरोबर आणलेले खाडीचे पाणी मोजले, तेव्हा ते दर हजारी पंधरा भरले. तेवढाच खारेपणा टाकीत ठेवावयाचे ठरले. चाळीस लिटरांस दर लिटरी पंधरा ग्रॅम याप्रमाणे सुमारे सहाशे ग्रॅम क्षार लागणार. आम्ही म्हणालो, "मीठच ना? घरात खडेमिठाची बरणी भरलेली आहे." त्यावर तिने आम्हांस समजाविले ते असे. समुद्राच्या पस्तीस ग्रॅम क्षारांत क्लोराइड सुमारे १९.४ ग्रॅम व सोडियम १०.८ ग्रॅम असते. या दोहोंचे मिळून आपले जेवणातील मीठ होते. उरलेल्यांत सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम. 'चॅलेंजर' जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगाच्या समुद्रांतून पाणी आणले. त्यांतील ७७ नमुने तपासून विल्यम डिटमार यांनी १८८४ मध्ये दाखवून दिले की, पाणी कमी खारे असो वा अधिक, क्षारांचे हे परस्परप्रमाण सर्वत्र जवळजवळ तेच असते. मिठागरात मात्र ते मोडते. तेथे पाणी आटत असता चुन्याचे क्षार आधीच तळाशी बसतात, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियमने कडवट झालेले उरलेले पाणी काढून टाकतात. म्हणून मिठागरातील खडेमीठ समुद्रातून आलेले असले तरी ते समुद्राचे प्रतिनिधी नव्हे.

हा भेद पुस्तकी नाही. हरयाणात रोहतकजवळ जमिनीखालील पाणी खारे आहे व शेतीस निरुपयोगी आहे. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या तेथील केंद्रात त्या पाण्यात कोळंबी वाढविण्याचे प्रयोग झाले. मापकावर खारेपणा योग्य दिसे, तरी कोळंबी तग धरीना. कारण त्या पाण्यात पोटॅशियम फार थोडे. शेतास घालतात तेच पालाश-खत हिशेबाने घालून ती उणीव भरल्यावर कोळंबी जगू लागली. तात्पर्य, आकडा बरोबर असूनही पाणी चुकीचे असू शकते. अखेर मत्स्यालयासाठी मिळणारे तयार समुद्रक्षार पुण्याहून मागविले, आणि आमची बरणी स्वयंपाकघरातच राहिली.

हिवाळा निर्विघ्न गेला. होळीच्या सुमारास पुतणी परीक्षेसाठी पुण्यास निघाली आणि टाकी आमच्या स्वाधीन झाली. "पातळी खाली गेली की पाणी घालून खुणेपर्यंत आणा, काका," एवढे तिने बजाविले होते. पाणी कोणते, हे तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. खाऱ्या टाकीत खारे पाणी घालावयाचे, यात विचारण्यासारखे काय आहे, असे आमच्या मनाने घेतले. आम्ही एका बादलीत दर लिटरी पंधरा ग्रॅमप्रमाणे क्षार कालवून ठेवीत असू आणि रोज सकाळी स्नान आटोपल्यावर त्यातील अर्धा लिटर पाणी टाकीत घालीत असू. नेमस्तपणाबद्दल आम्हांस स्वतःचे कौतुकही वाटत होते.

वाचकांच्या लक्षात चूक आलीच असेल. हवेत जाते ते निव्वळ पाणी; क्षार मागे राहतात. धूमकेतूमुळे ज्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे त्या एडमंड हॅले यांनी १६८७ मध्ये समुद्राइतके खारे केलेले पाणी तराजूला टांगून, उन्हाळ्याच्या हवेइतके ऊन ठेवून, त्याचे वजन किती घटते ते पाहिले होते. समुद्रावरून किती वाफ उठते याचा हिशेब त्यांना करावयाचा होता. आमच्या जिल्ह्यात तर हा धडा शेतांतून लिहिलेला आहे. नीरा कालव्याच्या पाण्याने जमिनी चिंब झाल्या, वरचे पाणी उन्हाने उडाले आणि क्षार मातीवर पांढरे फुलून आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मॅन व ताम्हाणे यांनी १९१० मध्येच त्या क्षारपड जमिनींविषयी लिहिले होते. ती शेते आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत, आणि तरीही ओसरीवर आम्ही तेच केले. हिशेब सोपा आहे. रोज अर्धा लिटर म्हणजे सहा आठवड्यांत एकवीस लिटर. त्याबरोबर गेलेले क्षार तीनशे पंधरा ग्रॅम. मूळचे सहाशे धरून नऊशे पंधरा झाले, आणि टाकीतले पाणी मात्र चाळीस लिटरच. दर हजारी पंधराचे जवळजवळ तेवीस झाले.

आम्ही मोजत नव्हतो असे नाही. टाकीजवळ काचेचा तरता हायड्रोमीटर होता. पाणी जितके खारे तितके ते जड, आणि जितके जड तितका तो अधिक वर तरतो. पाणी जेथे त्याच्या दांडीला टेकते तेथील आकडा वाचावयाचा. परंतु आम्ही तो रोज वापरून तसाच खिडकीत ठेवीत असू. त्यावर क्षारांचे पापुद्रे साचले, तो जड झाला व खाली बसू लागला. शिवाय तो पंचवीस अंश उष्णतेच्या पाण्यासाठी आखलेला होता, आणि चैत्रात टाकीचे पाणी एकतीस अंशांवर गेलेले. ऊन पाणी हलके असते. एवढ्या सहा अंशांनी तो दर हजारी दोनांहून थोडा अधिक कमीपणा दाखवितो. पाणी खारट होत चालले होते आणि आमचा मापक आम्हांस सर्व ठीक असल्याचे सांगत होता. उपकरणाचा दोष म्हणावा तर तो निगा न करणाराचाच दोष होता.

पुतणी परत आली ती रिफ्रॅक्टोमीटर घेऊनच. थेंबभर पाणी काचेवर घालून तिने उजेडाकडे पाहिले, पुन्हा पुसून पाहिले आणि म्हणाली, "काका, तेवीस आहे." आम्ही काय काय केले ते तिने शांतपणे विचारून घेतले. मग म्हणाली, "आज काही करू नका. रोज थोडे थोडे उतरवू." ती दुपारी मंचरला गेली. आपल्या हातून झालेली चूक संध्याकाळच्या आत निस्तरून टाकावी, या एका हट्टाने आम्ही टाकीतील अर्धे पाणी उपसले आणि विहिरीचे गोडे पाणी भरले. तेवीसचे साडेअकरा झाले. पहाटेपर्यंत वीस कोळंब्यांपैकी आठ तळाशी निश्चल पडल्या होत्या.

सहा आठवडे हळूहळू वाढलेला खारेपणा त्यांनी सोसला होता. एका दुपारचा उतार त्यांस सोसला नाही. कारण असे की, बाहेरचे पाणी शरीरातील रसापेक्षा गोडे असले की ते अंगात शिरू पाहते, आणि अधिक खारे असले की अंगातील पाणी बाहेर ओढले जाते. कोळंबी आपल्या कल्ल्यांच्या द्वारे या दोहोंचा तोल अहोरात्र सांभाळते. परंतु नव्या पाण्याशी तो जुळवून घेण्यास तिला अवधी लागतो. तिने नुकतीच कात टाकलेली असेल व कवच मऊ असेल, तर धोका अधिक. खाडीतही पाणी बदलते हे खरे; पण तेथे तिला खाली, वर, आत, बाहेर जाता येते. आमच्या टाकीत जावयास जागा नव्हती. पुतणी रागावली नाही. तिने आठही कोळंब्या उचलून परसातील तुळशीमागे पुरल्या. मातोश्री एवढेच म्हणाल्या, "तिने नको म्हटले होते ना?" त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आता, हे प्रकरण ज्यांच्या घरी असेल किंवा व्हावयाचे असेल, त्यांच्यासाठी पुतणीने घालून दिलेली रीत लिहितो.

आटलेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या पाण्यानेच करावी. टाकीच्या काचेवर पातळीची खूण करून रोज थोडे पाणी घालावे. आठवड्याचे एकदम घालू नये. आमच्याकडील विहिरींचे पाणी काळ्या पाषाणातले, बहुधा जड असते. त्यानेच कायम भर केली तर चुन्याचे क्षार साचत जातात. म्हणून पहिल्या दोन-चार सरी जाऊ देऊन स्वच्छ छपरावरून धरलेले पावसाचे पाणी, किंवा हल्ली घरोघरी असलेल्या शुद्धीकरण यंत्राचे पाणी वापरावे. नळाचे पाणी असेल तर त्यातील क्लोरीन आधी घालविले पाहिजे. खारे पाणी घालावयाचे ते फक्त एका वेळी: टाकी साफ करताना जेवढे खारे पाणी उपसले असेल, तेवढेच त्याच खारेपणाचे परत भरावयाचे.

मापकावर आंधळा विश्वास ठेवू नये. हायड्रोमीटर प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवावा, त्याला चिकटलेले बुडबुडे झटकावे (बुडबुड्यांनी तो वर उचलला जाऊन खोटा वाढावा दाखवितो), आणि पाण्याची उष्णता पाहून आकडा वाचावा. रिफ्रॅक्टोमीटरचे शून्य ऊर्ध्वपातित पाण्याने जुळवितात. परंतु शून्य जुळले म्हणजे वरचे आकडेही खरे, असे नाही. त्यासाठी ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६३.५ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावे. हे द्रावण प्रकाशास समुद्राच्या दर हजारी पस्तीस पाण्याइतकेच वाकविते, म्हणून समुद्रजलासाठी आखलेल्या यंत्रात ते पस्तीस दिसले पाहिजे. काही यंत्रे केवळ मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात. त्यांत समुद्राचे पाणी थोडे जास्त खारे दिसते.

ज्यांच्याजवळ यंत्र नाही, त्यांनी निराश होऊ नये. चांगला सराफी काटा आणि घट्ट बुचाची बाटली पुरे. बाटली रिकामी तोलावी. मग ती ऊर्ध्वपातित पाण्याने काठोकाठ भरून तोलावी, आणि पुन्हा टाकीच्या पाण्याने तशीच भरून तोलावी. दोन्ही पाणी सारख्याच उष्णतेचे असावे. बाटलीत साधे पाणी पाचशे ग्रॅम मावत असेल, तर दर हजारी पंधराचे पाणी सुमारे ५०५.६ ग्रॅम भरेल. आमच्या टाकीची परीक्षा आम्ही महिन्यातून एकदा अशीही करतो. दोन निरनिराळ्या रीतींनी तेच उत्तर आले म्हणजे मन निःशंक होते.

आणि चूक सापडलीच, तर तिची दुरुस्ती चुकीपेक्षा सावकाश करावी. दिवसास दर हजारी एक, फार तर दोन, याहून अधिक फरक होऊ देऊ नये. चाळीस लिटरांच्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी काढून तेवढेच गोडे पाणी घातले असते, तर आठ दिवसांत तेवीसचे सव्वापंधरा झाले असते. एकंदर सोळा लिटर पाणी. आम्ही एका दुपारी ओतले त्याहूनही कमीच. आठ दिवस धीर धरला असता तर आठ जीव वाचते.

उरलेल्या बारा कोळंब्यांनी पावसाळा पाहिला. टाकीशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली आहे. तीत तारीख, उष्णता, खारेपणा आणि घातलेले पाणी असे चार रकाने आहेत. रोजची नोंद आम्हीच करतो. परवा मातोश्रींनी वही हातात घेऊन विचारले, "एवढे लिहून काय होते?" आम्ही म्हणालो, "आमटी खारट झाली तर तुम्हांस कोणीतरी सांगते. यांच्या वतीने वही सांगते." त्या थोड्या थांबल्या व म्हणाल्या, "मग चुकवू नकोस कधी." त्या दिवसापासून आमच्या स्नानानंतरच्या पूजेस आणखी एक विधी जोडला गेला आहे.